लेझीमचा सराव किती वाजता असतो?

पत्र थोडक्यात: भांडुपहून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी सातवीत, नुकतीच बारा पूर्ण झालेली, पाळी अजून सुरू झालेली नाही. दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना तिचा उजवा खवाटा वर आल्यासारखा आईच्या हाताला लागला. पालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे काढला तर स्कोलिओसिस निघाला, मणक्याचा बाक 28 अंश. उंची वाढायची थांबेपर्यंत रोज 18 तास ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारा कडक पट्टा, घालायला सांगितलाय. त्याच ओपीडीत एका अभ्यासात भाग घेणार का, असंही विचारलं. ब्रेसमध्ये छोटा सेन्सर बसवून तो रोज किती तास घातला याची दोन वर्षं नोंद ठेवणार, अधूनमधून पाठीचे फोटो घेणार. बाबा म्हणतात, "माझी पोरगी काय प्रयोगाचा उंदीर आहे?" आजीचा आग्रह गावच्या हाडवैद्याचा. शेजारणीनं एका सेंटरचा पत्ता दिलाय, तिथं तीन महिन्यांत पाठ सरळ करून देण्याची हमी मिळते. आई रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइलवर संशोधनाचे लेख वाचत बसते. "एकात लिहिलंय ब्रेसचा उपयोग होतो, दुसऱ्यात लिहिलंय होत नाही. दप्तराच्या ओझ्याकडे मीच लक्ष दिलं नाही. फॉर्मवर सही करू की नको? आणि पोरीला तर कशाचं गांभीर्यच नाही. ती विचारते, ब्रेस घालून लेझीम खेळता येईल का?"

ताई,

तुमच्या पाच पानी पत्रात लेकीचं म्हणून एकच वाक्य आहे, ते शेवटी, आणि तेही तक्रार म्हणून आलंय. मला तर सगळ्या पत्रात तोच प्रश्न सर्वांत कामाचा वाटला. त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी बाकीचा गुंता सोडवू.

मी डॉक्टर नाही. पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात मेडिकल सोशल वर्कर म्हणून मी नोकरी केली. ऑर्थोच्या ओपीडीबाहेर एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन बसलेल्या आया मी खूप पाहिल्या. बहुतेकींचं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच असायचं, "माझंच चुकलं." कुणी दप्तराला दोष द्यायची, कुणी झोपायच्या पद्धतीला, एकीनं तर लहानपणी पोराला डाव्याच कडेवर घेतल्याचं सांगितलं होतं.

दप्तरानं पाठ दुखते, खांदे भरून येतात, हे खरंच आहे. पण दप्तरानं स्कोलिओसिस होत नाही. या आजारात कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळलाही जातो. त्या पिळाबरोबर बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि खवाटा वर येतो. उटणं लावताना तुमच्या हाताला लागला तो हा पीळ. दहा ते अठरा या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये 10 अंशांहून जास्त बाक सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण आजही सांगता येत नाही. डॉक्टरांच्या कागदावर 'इडिओपॅथिक' लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ तोच. शोध चालू आहे. 2011 साली जपानी संशोधकांनी एलबीएक्स1 या जनुकाजवळ या आजाराशी जोडलेला एक दुवा शोधला, पुढे आणखी काही सापडले, पण हे एकच कारण असं बोट ठेवता आलेलं नाही. घराण्यात असतो मात्र कधीकधी. म्हणून तुमच्या धाकट्यालाही एकदा तपासून घ्या. बनियन काढून उभं करा, पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही हात जोडून खाली सोडत कमरेतून वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवायचं. ही चाचणी विल्यम ॲडम्स यांनी 1865 मध्ये सांगितली, आजही पहिली तपासणी हीच. पत्र न लिहिलेल्या आयांनीही आंघोळीच्या वेळी करून पाहावी, दोन मिनिटांचं काम आहे.

आता त्या 28 आकड्याचं. हा कोन मोजायची पद्धत जॉन कॉब या डॉक्टरांची, 1948 मधली. सर्वांत तिरक्या वरच्या आणि सर्वांत तिरक्या खालच्या मणक्यावरून रेषा काढायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. एकच एक्स-रे दोघांनी मोजला तर चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून पुढच्या खेपेला 30 आला तर घर डोक्यावर घेऊ नका आणि 25 आला म्हणून पेढेही वाटू नका. डॉक्टर खरं बघतात ते वाढ किती शिल्लक आहे. एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर एक टोपीसारखी पट्टी हळूहळू तयार होताना दिसते, तिच्यावरून रिसर ग्रेड ठरते, 0 ते 5. तुमच्या लेकीची पाळी अजून आलेली नाही, म्हणजे उंची झपाट्यानं वाढायचा काळ आत्ताच आहे, आणि बाकही याच काळात झपाट्यानं वाढतो. "मोठी झाली की आपोआप सरळ होईल" ही समजूत या वयात आणि या अंशाला धोक्याची, ती घरात कुणाची असेल तर त्यांना हे एवढं वाचून दाखवा. ब्रेसचं काम वाढ संपेपर्यंत बाक धरून ठेवायचं. सरळ करायचं वचन ब्रेस देत नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी "काहीच फरक नाही" म्हणून तो माळ्यावर जातो. फरक न पडणं हेच तिथं यश आहे.

तुमचे दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात तेही सांगते. त्यात तुमच्या सहीचं अर्धं उत्तर आहे.

ब्रेस कित्येक दशकं वापरात होता, पण त्याचा उपयोग किती, यावर डॉक्टरांतच एकमत नव्हतं. त्यातली एक मोठी अडचण साधी होती. किती तास घातलास, असं विचारलं की मुलं आणि आईबाप सांगतील तेच लिहून घ्यावं लागे. बारा-तेरा वर्षांचं पोर डॉक्टरांसमोर काय सांगणार? "घालते की रोज!" मग अमेरिका आणि कॅनडातल्या 25 केंद्रांनी मिळून एक अभ्यास केला, त्याचा निकाल 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंधरा वयाची 242 मुलं, 20 ते 40 अंशांचा बाक, वाढ शिल्लक असलेली. काहींना ब्रेस, काहींवर नुसती नजर. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर, म्हणजे अंगावर होता की खुंटीवर, हे कळणारच. वाढ संपली तेव्हा बाक 50 अंशांच्या आत राहिलेली मुलं ब्रेसवाल्यांत शंभरात 72 आणि नुसती नजर ठेवलेल्यांत 48. ज्यांनी दिवसाला सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घातला, त्यांच्यात शंभरातल्या 90 हून जास्त जणांचा बाक रेषेच्या आत राहिला. सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांना न घातल्यासारखंच. फायदा इतका उघड दिसला की देखरेख करणाऱ्या समितीनं अभ्यास ठरल्या मुदतीआधी थांबवला.

50 अंशांना एवढं महत्त्व का? त्याच्या पुढं गेलेला बाक वाढ संपल्यावरही हळूहळू, साधारण वर्षाला अंशभर, वाढत राहू शकतो आणि मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो. आणि त्या 48 कडेही पाहा. ब्रेस न घालता जवळजवळ निम्मी मुलं वाचली. पण आपली मुलगी त्या निम्म्यांत आहे का, हे आज कुठलीही रक्ततपासणी खात्रीनं सांगत नाही. ते आधी ओळखता यावं म्हणूनच तर हे सगळे अभ्यास चालू असतात.

आता बाबांचा उंदीर. त्यांचा राग मला कळतो. पालिकेच्या रुग्णालयाचा केसपेपर काढणाऱ्या माणसाला "आमच्यावर शिकतात" असं वाटायला कारणं असतात. नोकरीत असताना मीसुद्धा एका ठिकाणी बघितलंय, कागद न वाचता, "इथं अंगठा करा" म्हणून घेतलेला. पण उंदराला कोणी विचारत नाही, तुम्हाला विचारलंय. वर सांगितलेल्या अभ्यासात आधी कोणाला ब्रेस आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार होतं. अनेक आईबापांनी नकार दिला, आमचं आम्ही ठरवू म्हणाले. मग त्यांना निवड दिली. 242 पैकी 126 मुलं अशी स्वतःच्या निवडीनं आलेली, 116 चिठ्ठीनं. नाही म्हणणाऱ्यांमुळे अभ्यास मोडला नाही, त्यांच्यासकट पूर्ण झाला.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या लेकीला ब्रेस तसाही मिळणारच आहे, सेन्सर फक्त तास मोजणार. मग तिच्यावर प्रयोग नक्की कोण करतंय? गावच्या हाडवैद्यानं पाठीला झटका दिला आणि काही बरंवाईट झालं, तर ते कुठल्या वहीत लिहिलेलं असेल? आजींना दुखवू नका. त्यांना म्हणा, रोज रात्री तुमच्या हातानं तेल लावा, पोरीला बरं वाटेल. पण कणा दाबणं, ओढणं, कडकन मोडणं कुणाच्याही हातून नको. सेंटरचंही तसंच. स्कोलिओसिससाठी खास व्यायाम आहेत. जर्मनीत काथारिना श्रोथ या बाईंनी, त्यांची स्वतःचीच पाठ वाकडी होती, 1920 च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. ब्रेसबरोबर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून केले तर चांगलेच. माझा आक्षेप 'हमी' या शब्दाला आहे. जो माणूस 28 अंश तीन महिन्यांत घालवतो म्हणतो, त्याला एवढंच विचारा की आधीचा आणि नंतरचा एक्स-रे तिसऱ्याच डॉक्टरनं मोजलेला दाखवा. कॅल्शियमच्या पावडरीनंही बाक जात नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्याचा उपचार त्याच्यासाठी करायचा. मुडदूस वेगळा, हे वेगळं.

लग्नाची काळजी आजींनी बोलून दाखवली असेलच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. आयोवा विद्यापीठात कुठलाही उपचार न घेतलेल्या स्कोलिओसिसच्या 117 जणांचा पन्नास वर्षांनंतर माग काढला होता, 2003 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाठदुखी त्यांच्यात जास्त होती, फार मोठा बाक असलेल्यांना धाप लागायची, स्वतःच्या दिसण्याबद्दल काहींना खंतही होती. पण बहुतेक जण साठी-सत्तरीतही आपापली कामं करत, चारचौघांसारखं आयुष्य जगत होते. जाता जाता, या रुग्णांवर सुरुवातीच्या काळात काम केलेल्यांत इग्नासिओ पॉन्सेटी होते. आपल्याकडे जन्मतः पाय वळलेल्या बाळांना आठवड्या-आठवड्यानं प्लास्टर घालतात, ती पद्धत त्यांचीच. कुणीतरी पन्नास वर्षं कागद जपून ठेवले म्हणून आज आजींना उत्तर देता येतं.

आणखी एक गोष्ट अशाच जपलेल्या कागदांतून आली. अमेरिकेत पूर्वी स्कोलिओसिससाठी पुन्हापुन्हा एक्स-रे काढलेल्या 5,573 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येकीचे सरासरी 25 च्या आसपास एक्स-रे. स्तनांच्या कर्करोगानं झालेले मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. घाबरू नका, तेव्हाच्या यंत्रांचे डोस आजच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. पण वाढत्या मुलीचा एक्स-रे छाती फिल्मच्या बाजूला आणि पाठ यंत्राकडे करून काढायचा, म्हणजे छातीला कमी किरण लागतात, हा आग्रह अशा नोंदींमुळे पक्का झाला. पुढच्या वेळी एक्स-रेच्या खोलीत हे विचारायचं, "पाठीमागून काढणार ना?" लाजायचं नाही.

सहीआधी काय विचाराल? अभ्यासात नसती तर जे झालं असतं त्यापेक्षा तिच्यावर जास्तीचं काय होणार आहे? जादा एक्स-रे आहे का, रक्त घेणार का? जादा एक्स-रे असेल तर मी स्वतः दोनदा विचार केला असता. फक्त सेन्सर आणि फोटो असतील तर गोष्ट वेगळी. फोटोंबद्दल मात्र नीट खोदून विचारा. बारा वर्षांच्या मुलीची उघडी पाठ आहे ती. कोण काढणार, बाईमाणूस हजर असेल का, चेहरा येणार का, कुणाच्या मोबाइलमध्ये तर राहणार नाही ना, आणि फोटोला नकार देऊन बाकीच्या अभ्यासात राहता येईल का? एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, तेही पाहा. उपचारांची तुलना करणारा अभ्यास असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. ही सरकारी नोंदवही 2007 पासून आहे आणि घरबसल्या कुणालाही बघता येते. कागद मराठीत मागा, घरी आणा, बाबांना वाचू द्या. मध्येच बाहेर पडलात तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. पैसे कुठल्याही सबबीखाली मागितले तर तिथंच थांबा.

आणि तुमची एकटीची सही पुरत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार आईवडिलांच्या परवानगीबरोबर बारा ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची लेखी संमतीही घ्यायची असते. सात ते बारामधल्यांची तोंडी. दिवाळीनंतर तुमची लेक नेमकी बाराची झाली. तिच्या नावाचा, तिला कळेल अशा भाषेतला वेगळा कागद असेल. तो तिला एकटीला वाचू द्या. ती नाही म्हणाली तर नाही. ब्रेसच्या बाबतीत तिला समजावणं, थोडं रेटणंसुद्धा तुमचं काम. अभ्यासाच्या बाबतीत नाही.

माझं मत विचाराल तर, जादा एक्स-रे नसेल आणि ती हो म्हणाली तर मी सही केली असती. एकच भीती वाटते. तो सेन्सर घरात पोलीस होऊन बसेल. "बघ हं, मशीनमध्ये सगळं दिसतं!" असं एकदा म्हणालात की सेन्सर, ब्रेस आणि तुम्ही, तिघंही तिच्या विरुद्ध पक्षात गेलात. आकडे आधी तिला दाखवा, मग मला, असं डॉक्टरांना सांगून ठेवा.

आता मुंबईतला ब्रेस. आत घट्ट बसणारी, शिवण न टोचणारी सुती बनियन, निदान पाच-सहा, कारण आपल्याकडच्या दमटात दिवसाला दोन तरी लागतात आणि पावसाळ्यात वाळत नाहीत. ब्रेसच्या आत पावडर-क्रीम नको, त्वचा मऊ पडून सोलवटते. पहिले दिवस दोन तास, चार तास करत वाढवतात. काढल्यावर दिसणारा लालपणा अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर सहन करायचं नाही, ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्याकडे, जाऊन ब्रेस तेवढ्या जागी घासून घ्यायचा. युनिफॉर्म एक नंबर मोठा. वर्गशिक्षिकेला आधी भेटा, नाहीतर पहिल्याच दिवशी "पाठीत काय घातलंयस?" सगळ्या वर्गासमोर होतं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकून बसायची सवय असेल तर ती गेली, ब्रेसला पूर्ण बूड टेकायला लागतं. बाहेर बनवून घेणं खिशाला जड जात असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. तिथं ब्रेस, पायाचे कॅलिपर बनवण्याचा विभाग आहे, चौकशी करा. तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातही जा. ओपीडीच्या गर्दीत ते दार कुणाला दिसत नाही, पण ते त्याचसाठी आहे.

राहिलं लेझीम. दिवसाचे 24 तास, त्यातले 18 ब्रेसचे. उरतात सहा. खेळताना, व्यायाम करताना ब्रेस काढायला बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, उलट खेळ बंद करू नका असंच सांगतात. म्हणजे शाळा ब्रेसमध्ये, झोप ब्रेसमध्ये, क्लास ब्रेसमध्ये, आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या सरावाला दोन तास मोकळी. आंघोळ आणि आजींचं तेल यांचा तास धरला तरी तीन तास हातात राहतात. तुमच्या पोरीनं विचारलेला प्रश्न हिशेबाचा होता. ज्या गोष्टीसाठी ती ब्रेसचे अठरा तास काढू शकेल, ती गोष्ट शाबूत राहते का, हे ती बघत होती.

तिला विचारा सराव किती वाजता असतो. तिच्याच अक्षरात दिवसाचं वेळापत्रक लिहून घ्या आणि पुढच्या ओपीडीला कागद तिच्या हातात द्या. वाकून करायच्या हातांबद्दल, उड्यांबद्दल डॉक्टरांना तिनंच विचारावं. तेवढा वेळ तुम्ही गप्प बसा, हे जमेल का बघा.